चाँदबी काकूंच्या दाराची कडी

धाराशिवकडे जाऊन काय बघितलंस, असं वाडीतल्या बायका विचारतात. मी म्हणते, तुळजापूरची देवी बघितली, नजर पोचेपर्यंत काळी जमीन बघितली, गुळासारखा गोड हुरडा खाल्ला आणि एका गुरुवारी दुपारी तिथे मेले. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून आता लिहूनच काढते. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे चुकीचं काही दिसलं तर पोटात घाला. पण घडलं ते असंच.

सोमवार, फाट्यावर

माझी लेक मीना. लातूरला नर्सिंग शिकायला म्हणून गेली आणि तिकडचाच जावई शोधून बसली. आम्ही चिपळूणकडची माणसं. परसात विहीर, पुढे वाहता वहाळ, चार महिने छपरावर पाऊस. तिचं सासर बेंबळीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. 'आई, नाव घालशील तर बघ' असा दम मीनाने दिलाय, आणि ती आता सरपंच आहे, तेव्हा ऐकायला हवं! हो, माझी लेक सरपंच झाली, आणि ते बघायलाच मी निघाले होते.

एसटीचा प्रवास सांगत बसत नाही, गुडघ्यांना अजून आठवतो. पण तुळजापूरचा घाट चढून गाडी वर आली नि मी खिडकीला नाकच लावलं. केवढं आभाळ! आमच्याकडे आभाळ डोंगरांच्या मधून तुकड्यातुकड्याने दिसतं, इथे ते ताटावर ताट झाकल्यासारखं चहूकडून टेकलेलं. खाली शाळू उभा, डोक्याएवढा, आणि ढोकीच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून गाणी वाजवत चाललेले, जणू वरातच.

फाट्यावर जावई राजाभाऊ मोटारसायकल घेऊन उभे. पिशवी उचलली आणि दचकलेच. "आत्या, हे काय? रगत?"

पिशवीतून लाल धार लागलेली. कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या लेकीसाठी, त्यातल्या एकीचं बूच सैल झालं आणि माझं नवं इरकल लुगडं कामातून गेलं. मी फाट्यावर उभी राहून कपाळ बडवतेय, राजाभाऊ हसतायत. म्हणाले, "असू द्या, आत्या. मीनाला सध्या रगतच पायजे हाय."

मला वाटलं, माणूस उन्हाने फिरला.

मंगळवार, पाण्याची घरं

रात्री भाकरी, पेंडपाला आणि मिरचीचा खर्डा खाऊन माझ्या कानातून वाफा निघत होत्या, तेव्हा मीनाने सगळा प्रकार सांगितला. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावी वरातीत कुणा हौश्याने हवेत बार काढला. गोळी कुणालाच लागली नाही. पण लोकांना वाटलं हल्ला झाला, आणि अरुंद गल्लीत जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. जी माणसं दवाखान्यात आणली ती सगळी पायाखाली आलेली. मीना तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होती.

"आई, एका बाराने एवढं झालं," ती म्हणाली. "उद्या खरंच कुणी माथेफिरू बंदूक घेऊन भरल्या बाजारात शिरला तर? टीव्हीवर बघतो ना आपण, कुठं मॉलमध्ये, कुठं जत्रेत, कुठं शाळेत. सगळी म्हणतात, आपल्याकडं कशाला होतंय. त्या वरातीतले पण तेच म्हणत होते." मग हसून म्हणाली, "सरपंच काय नुसता नारळ फोडायला असतो व्हय?"

'कुठे'चं 'कुठं' झालंय बघा तिचं! वीस वर्षांत तिकडचीच होऊन गेली पोर.

म्हणून निवडून आल्या आल्या तिने फौजदारांना गाठलं आणि सांगितलं, आमच्या आठवडी बाजारात गोळीबार झाला तर काय करायचं याची तालीम घ्या. फौजदारांनी बाजार येऊन बघितला. मारुतीच्या देवळापासून मशिदीपर्यंत बोळासारखी गल्ली, दोन्ही बाजूंनी घरं, मधे पालं. त्यांनी मानच हलवली. म्हणाले, ही जागाच धोक्याची, बाजार बाहेर माळावर न्या. मीना म्हणाली, नेणार नाही. शेवटी ठरलं ते असं: दोन बाजारांना दोन तालमी. दुसऱ्या तालमीतही लोक सुरक्षित राहिले नाहीत, तर बाजार माळावर.

मी म्हटलं, "जाऊ दे की मग माळावर. त्यात काय एवढं?"

 सकाळी तिने मला हात धरून त्या गल्लीतून फिरवलं. बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे शांत होतं. एकेका दारापाशी थांबून ती सांगत होती, हे उंबरेगावच्या माळणीचं पाण्याचं घर. हे भांडीवाल्याचं. हे मिरचीवाल्या दोघी बहिणींचं.

पाण्याचं घर म्हणजे काय, ते मी तिथेच शिकले. बाहेरगावाहून बाजाराला येणारी प्रत्येक बाई गल्लीतलं एक घर धरून असते. तिथे ती पाणी पिते, भाकरी सोडते, तान्हं लेकरू निजवते, उरलेला माल पुढच्या बाजारापर्यंत ठेवते. हे नातं सासूकडून सुनेकडे येतं. घर मुसलमानाचं, बाई माळ्याची, किंवा घर मराठ्याचं आणि बाई पिंजाऱ्याची, असं कसंही. बाजाराच्या दिवशी त्या घरांची दारं सताड उघडी. मीना म्हणाली, "माळावर यातलं काय हाय? ना सावली, ना पाणी, ना बाईमाणसाला आडोसा. ह्या बाया यायच्याच बंद होतील, आई."

आणि तिची सगळी योजना त्या घरांवरच उभी होती. बार ऐकू आला की गल्लीतून कुणी पळायचं नाही, पळालं की चेंगराचेंगरी. प्रत्येक विकणारीने समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला हाताला धरायचं, आपल्या पाण्याच्या घरात शिरायचं आणि आतून कडी. मारुतीचा आणि मशिदीचा, दोन्ही भोंगे त्या दिवशी ग्रामपंचायतीतल्या एकाच माईकला जोडायचे. त्यावर फक्त मीना बोलणार. 'बाजार मोडला' म्हटलं की आत जायचं. 'कडी काढा' म्हटलं की बाहेर यायचं. मधे ब्रह्मदेव आला तरी दार उघडायचं नाही.

मला एवढं आवडलं ते! माझ्याच पोटची पोर, आणि गॅसवरचं दूध उतू घालवायची नेहमी!

गुरुवार, मी मेले तो दिवस

मीनाने मला चाँदबी काकूंच्या घरी नेमलं. गल्लीच्या मधोमध घर, ओट्यावर बांगड्यांचं दुकान. काकू सत्तरीच्या, गोऱ्यापान, कपाळावर आठ्या आणि तोंडात कायम सुपारी. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "या इहीणबाय! मीना आमच्या गावची सून, म्हंजे तुमी समद्या गावाच्या इहीण. हात द्या."

हात दिला तर जुन्या बांगड्या काढून हिरव्यागार भरल्यासुद्धा! पैसे म्हटलं तर डोळे वटारले. "इहिणीकडनं पैसे घ्यायला म्या काय तुमच्या कोकणातली हाय का?"

आता यावर काय बोलणार!

त्यांचं घर म्हणजे रखमाचं पाण्याचं घर. रखमा भाजीवाली, वांग्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत यायची. काकूंच्या ओट्याखालीच तिची जागा. दोघींची तोंडं दिवसभर चालू. एक म्हणायची, "तुजी वांगी किडकी," दुसरी म्हणायची, "तुज्या बांगड्या कचकड्याच्या," आणि दुपारी एकाच थाळीत जेवायच्या.

सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, आज बार खोटे आहेत, सुतळी बॉम्ब आहेत. शाळेत पोरांना मीनाने स्वतः जाऊन सांगितलं होतं, म्हणजे लेकरं घाबरायला नकोत. जाधव हवालदार, पोट सुटलेला, झुपकेदार मिशांचा, बंदूकवाला झाले होते. लाकडी बंदूक हातात आणि खिशात लाल फिती. ज्याला फीत बांधतील तो मेला. आणि जखमी झालेल्यांच्या अंगावर शिंपडायला माझ्या उरलेल्या बाटलीतलं कोकमाचं आगळ! राजाभाऊंचं फाट्यावरचं बोलणं मला आत्ता कुठे कळलं.

मी नुकती रखमाची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तोंडात घातली होती. धडाड! सांगून-सवरून ठेवलेलं, तरी काळीज उडालं हो. भोंग्यावर मीनाचा आवाज आला, "बाजार मोडला! घरात चला! बाजार मोडला!" रखमाने समोरच्या दोन गिऱ्हाइकांना धरलं, काकूंनी मला ओढलं, आम्ही आत, आणि कडी लागली. काकूंनी खूण केली आणि आम्ही सगळ्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या, किणकिणायला नकोत म्हणून. हे मीनाने शिकवलेलं नव्हतं, ते बांगडीवालीलाच सुचतं.

बाहेर मात्र वेगळीच गंमत. या गावाची रीत अशी की ओरडा ऐकला की पळायचं ते ओरड्याच्या दिशेने. साप निघाला, आग लागली, कुणी विहिरीत पडलं, अख्खा गाव धावतो. तसे आजही पाच-पंचवीस गडी काठ्या घेऊन बॉम्बच्या दिशेने धावले आणि हवालदारांनी एकेकाला आरामात फिती बांधल्या! एक म्हातारा म्हणत होता म्हणे, "मला मारू नगं, मी बघायला आलोय."

इकडे आम्ही आत अंधारात श्वास धरून. आणि दारावर थाप पडली.

"चाची, पाणी द्या की वो थोडं. लई तहान लागलीय."

आम्ही एकमेकींकडे बघतोय न बघतोय तोवर चाँदबी काकू उठल्या, माठातून तांब्या भरला, कडी काढली. दारात जाधव हवालदार! ते आधी पाणी प्यायले, गटागटा, मिशा पुसल्या आणि मग आम्हा सगळ्यांच्या मनगटांना लाल फिती बांधल्या. माझ्या तोंडात अजून चटणी होती. तशीच मेले.

त्यात आणखी एक घोळ. कुणीतरी काठी घेऊन धावणाऱ्यांचा व्हिडिओ 'आमच्या गावात गोळीबार' असं लिहून पाठवला. पुण्याला कामाला असलेल्या पोरांचे फोनवर फोन. राजाभाऊंचा धाकटा भाऊ तर गाडी काढून निघालासुद्धा होता. मीनाचा चेहरा बघवेना. सांगून ठेवलं होतं गावात, पण गावाबाहेरच्या गावाला कोण सांगणार, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

फौजदारांनी वही बंद केली. आवाज चढवला नाही, पण बोलले ते लागलं. "सरपंचबाई, पुढचा गुरुवार शेवटचा. घरं चांगली हायत. पण पाणी मागितलं की दार उघडणार असेल, तर घरातली माणसं ताटात वाढून दिल्यासारखी हायत."

मधले दिवस, एका प्रश्नावर अडलेले

मी खरं तर शनिवारी परत निघणार होते. पण आता कशी निघणार? घरी फोन करून सांगितलं, गुरं तुम्ही बघा, मला इथे पुन्हा जगायचंय.

गड्यांचं कोडं मीनाने सोडवलं. 'पळून आत जा' म्हटलं की त्यांना ते भेकडपणाचं वाटायचं. "आमी काय उंदरं हाव का बिळात शिरायला?" असं एकाने चावडीवर विचारलंच. मीना म्हणाली, "धावा ना. पण रिकाम्या हाताने नको. म्हातारं माणूस नाहीतर लेकरू उचला आणि घेऊन घरात धावा. काठी धरलेल्या हाताने माणूस उचलता येत न्हाय." ते पटलं त्यांना. दोघातिघांना तिने रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवायच्या कामाला लावलं, शाळेच्या बाजूने, एक बैलगाडीही आडवी लागायला नको म्हणून. बायकांना रक्त कसं थांबवायचं ते शिकवलं, घडी घालून फडकं, वर तळहात, आणि अंगाचा भार. पुण्यातल्या पोरांसाठी स्वतःचा व्हिडिओ केला, गुरुवारी सकाळी पाठवायचा एक, आणि तालीम संपताच दुसरा. म्हणाली, "आपण बोललो न्हाय तर दुसरं कोणतरी बोलतंच."

राहिल्या चाँदबी काकू. त्या मात्र हटेनात.

आम्ही तिघी त्यांच्या चुलीपाशी. काकू धपाटे थापत होत्या, एकेक धपाटा चंद्राएवढा, वरून दह्याचा गोळा. खाताना मला भांडण ऐकू येईना, इतके चविष्ट.

"ऐक मीना," काकू म्हणाल्या. "ह्या घरातनं तान्हेलं माणूस परत गेलं न्हाय. दुष्काळात घागर पैशानं घ्यायचो तवा बी न्हाय गेलं. माजी सासू मरताना म्हणली, चाँद, पाण्याला न्हाय म्हणू नगं. आन् तू म्हणतीस कडी लावून बस?"

"तो पाण्याला आलेला नसतो, काकू!"

"मला काय म्हाईत तो कशाला आलाय? दाराच्या आतनं तोंड दिसतंय व्हय त्याचं? धाजण खरंच तान्हेले असतील, आन् एक बंदूकवाला. त्या एकासाठी धाजणांना मारू?"

मीनाचा पारा चढला. "मग जाऊ द्या बाजार माळावर! तिथं कुणाचं दारच नसतंय!"

काकूंचा हात थांबला. रखमा माळावर गेली तर इकडे कधी येणार, हे त्यांच्याही डोक्यात आलं असणार. पण हट्टी बाई. म्हणाल्या, "जाऊ दे."

मी मधे पडून काहीतरी बोलणार होते, मला बोलल्याशिवाय राहवतं कुठे! पण मीनाने हाताने गप्प केलं.  मग ती हळूच म्हणाली, नर्सबाई पेशंटशी बोलते तशी, "काकू, एक सांगा. तहान लागलेल्याला काय पायजे असतं? पाणी पायजे असतं, का तुमचं दार?"

 काकूंचा तव्यावरचा धपाटा जळला मात्र.

आम्ही घरी आलो. मीना जेवली नाही. मला वाटलं, गेला बाजार.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून जातेय तर काकूंच्या ओट्यावर, बांगड्यांच्या फळीशेजारी, पोटापर्यंत वाळूत पुरलेला मोठा रांजण! वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडवा, गडव्याला साखळी. काकू ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या, माझ्याकडे न बघता.

"इहीणबाय, सांगा तुमच्या लेकीला. पाणी आता दाराच्या बाहीर ऱ्हायल. कडी लावली तरी पाप न्हाय."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. गुडघे नसते तर नाचलेच असते! गुरुवारपर्यंत गल्लीतल्या एकूण एका ओट्यावर रांजण नाहीतर माठ आला. ज्याच्याकडे नव्हता त्याने सरळ प्लॅस्टिकचा पिंप मांडला. फौजदार बघायला आले, ते गडवाभर पाणी प्यायले आणि जाधव हवालदारांकडे बघून मिशीत हसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसरा गुरुवार

बाजार असा भरला होता की काय सांगू! बोरं, हरभऱ्याचे डहाळे, भूमच्या खव्याचे पेढे, रखमाची वांगी ढीगभर. आसपासच्या गावांची माणसं खास तालीम बघायला आलेली. कुणाला कधी ते सांगितलेलं नव्हतं, फक्त आज, एवढंच.

मी काकूंच्या ओट्यावर बसून एका पोरीला बांगड्या दाखवत होते. दुकानदारीची हौस फिटली माझी. आणि धडाड! धडाड!

"बाजार मोडला! घरात चला!"

या वेळी बघायला हवं होतं तुम्ही. एका पैलवान गड्याने म्हातारीला पाठुंगळी मारलं, ती त्याच्या पाठीवर गुद्दे घालतेय, "माजी कोथिंबीर! माजी कोथिंबीर!" आणि तो धावतोय. ढकलाढकली नाही, किंकाळी नाही. पालं तशीच उभी आणि गल्ली रिकामी, जणू वाऱ्याने लोकांना दारांतून आत फुंकलं. आम्ही आठ-दहा जणी, दोन गडी, एक तान्हं. कडी लागली. बांगड्या वर गेल्या. रखमाने तान्ह्याच्या तोंडात गुळाचं बोट दिलं.

बाहेर बुटांचा आवाज. ओट्यावर आला. गडव्याची साखळी खुळखुळली. पाणी प्यायल्याचा आवाज. मी मनात म्हटलं, पी बाबा पी, जिंकलो आम्ही.

मग दाराला काहीतरी घसटत खाली बसल्याचा आवाज झाला. आणि हलक्या, कण्हत्या आवाजात, "चाची... मला लागलंय वो. लई रगत जातंय. दार उघडा."

बाई गं! पाणी बाहेर ठेवलं, पण रक्ताचं काय करणार?

दाराच्या फटीला डोळा लावला. हात दिसला, कोपरापासून लालभडक. माझं कोकम आहे ते, मीच बाटली दिली होती, आंबट वाससुद्धा येत होता. हे सगळं मला माहीत. तरी सांगते, माणसाचा कण्हणारा आवाज कानात शिरला की डोक्याचं काही चालत नाही हो.

"चाची, तुमच्या पोटच्या पोरावानी हाय मी..."

काकू उठल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवला. कडीवर हात गेला. रखमाने तोंडावर पदर दाबला. कोकणातून आलेली मी, तिथल्या सगळ्यांचा बाजार त्या म्हाताऱ्या बोटांत अडकलेला बघत होते. कडी किंचित हललीसुद्धा.

मग काकूंनी कडीवरचा हात काढला. भिंतीवरच्या खुंटीला नमाजाची पांढरी ओढणी होती, धुतलेली, घडीची. ती त्यांनी घेतली, खाली बसल्या, तोंडातून एक शब्द न काढता ती दाराखालच्या फटीतून बाहेर सारली. सारतच राहिल्या, शेवटचं टोक जाईपर्यंत. आणि मग दाराला पाठ लावून तिथेच बसल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाहेर एकदम शांत. कण्हणंही थांबलं.

कितीतरी वेळाने, मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं, भोंग्यावर मीनाचा आवाज आला. "कडी काढा. सगळे सुखरूप. कडी काढा."

आम्ही बाहेर आलो. जाधव हवालदार ओट्यावर बसलेले, हातात ती ओढणी, आणि चेहरा असा की आपण काय केलं हेच त्यांना कळत नव्हतं. काकूंनी त्यांना काय काय शिव्या दिल्या, त्या मी इथे लिहीत नाही, त्यांची दक्खनी बोली मला पुरती कळलीही नाही. पण शिव्या देता देता ओढणी घेतली, त्यांच्या त्या कोकमाच्या हाताला घट्ट बांधली, मीनाने शिकवल्यासारखी, घडी, तळहात आणि अंगाचा भार.

"आवो चाची, खरं न्हाय लागलेलं!"

"गप ऱ्हा! बांधू दे मला!"

फौजदार आले, मागोमाग मीना, धापा टाकत. फौजदारांनी हवालदारांचा बांधलेला हात बघितला.

"हे काय, जाधव?"

"सायेब, दार उघडलं न्हाय," जाधव म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पर चाचीनं सोडलं बी न्हाय मला."

 फौजदार म्हणाले, जखमीला उचलायचं काम आमचं, पोलिस आधी पोचतात आणि मागून दवाखान्याची माणसं. तोवर दार बंदच हवं, आणि ते बंद राहिलं. गल्लीतल्या एकाही मनगटाला फीत नव्हती. मीनाकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या गुरुवारी बाजार कुठं भरणार, सरपंचबाई?"

मीनाने माझाच हात घट्ट धरला. माझी पोर, गावाला भोंग्यावरून हुकूम सोडणारी! रखमाच म्हणाली, "हितंच! आन् कुठं?" आणि ओट्याखाली जाऊन वांगी रचायला लागली.

मीनाने लगेच पुण्याच्या पोरांना दुसरा व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी ती घरोघर फिरली, कोण जास्त घाबरलं, कुणाचं लेकरू रडतंय ते बघत. मी म्हटलं, जिंकलीस ना, आता बस की. म्हणाली, "आई, भीती मागून येते. त्या वरातीनंतर कुणी घरोघर गेलं नव्हतं."

परत घरी

निघताना काकूंनी दुरडीभर शेंगा आणि दोन डझन बांगड्या दिल्या. ओढणी दोरीवर वाळत होती, मधोमध कोकमाचा मोठा लाल डाग. मी म्हटलं, कोकमाचा डाग जात नाही हो, माझं लुगडंही तसंच गेलं. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नमाजाला बसलं की दिसंल. आठवण ऱ्हाईल, इहिणीची बी आन् त्या मिशाळ्याची बी."

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? आमच्या दाराला दिवसा कडी कधीच नसते, कोकणात कोण लावतं! ती लावून बघितली तर सरकेचना. गंजून बसली होती. तेल घातलं, चार दिवस रोज घातलं, आता लोण्यासारखी सरकते.

आणि पडवीत रांजण ठेवलाय, वर गडवा, गडव्याला साखळी. शेजारीण म्हणते, अगं, परसात विहीर असताना हे कशाला? मी तिला ही सगळी हकिगत सांगितली, आणि आता तुम्हालाही सांगितली. तहान लागली तर पाणी बाहेर आहे. पण दार उघडंच असतं, तेव्हा नुसतं पाणी पिऊन जाऊ नका. आत या. धाराशिवच्या शेंगा अजून उरल्यात.